नवा राउटर लावला, फोन चालतात, कॉम्प्युटर नाही

ए-४०२: नमस्कार मंडळी. काल नवा राउटर बसवला. आमच्या दोघांच्या फोनवर वायफाय छान चालतंय, पण कॉम्प्युटरला वायर जोडूनही इंटरनेट नाही. उद्या सकाळी ६ वाजता न्यू जर्सीच्या मुलांचा मराठीचा वर्ग आहे माझा. राउटर लावून गेलेला मुलगा म्हणतो, कॉम्प्युटर फॉरमॅट करा.

सी-२०१: काकू, राउटर बंद करून परत चालू करून बघा.

ए-४०२: दोनदा केलं रे.

बी-१०३: काकू, फॉरमॅट अजिबात नको, सगळे फोटो जातील. विंडोजची कळ दाबून सीएमडी टाइप करा, एंटर मारा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द सलग लिहून एंटर. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता) आणि 'डीफॉल्ट गेटवे' (तो शोधतो त्या राउटरचा पत्ता) यांच्या समोरचे आकडे इथे टाका.

ए-४०२: ॲड्रेस १९२.१६८.०.५०, गेटवे १९२.१६८.०.१

बी-१०३: आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर?

ए-४०२: १९२.१६८.१.१

बी-१०३: सापडलं! तिसरा आकडा बघा, एकीकडे ०, दुसरीकडे १. पत्त्याचा किती भाग सगळ्यांचा सारखा हे सबनेट मास्क नावाचा आकडा ठरवतो, घरच्या नेटवर्कात तो बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो. मग पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे लागतात, विंगसारखे, आणि शेवटचा ज्याचा त्याचा, फ्लॅट नंबरसारखा. तुमचा कॉम्प्युटर अजून जुन्या राउटरला शोधतोय. फोनना राउटर आपणहून पत्ता देतो, त्याला डीएचसीपी म्हणतात, म्हणून ते लगेच चालले. कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी पत्ता हाताने भरलेला दिसतो.

ए-४०२: हो, प्रिंटर जोडताना ह्यांनी एकाला बोलावलं होतं!

डी-५०३: मग १९२.१६८.१.५ भरून मोकळ्या व्हा काकू. माझ्याकडे तसंच आहे.

बी-१०३: दादा, तसं नको. राउटरने उद्या तोच ५ नंबर एखाद्या फोनला दिला की दोघांची टक्कर होते. नेट मध्येच जातं, मध्येच येतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. काकू, सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे 'आयपी असाइनमेंट'समोर मॅन्युअल असेल. एडिट दाबून 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' निवडा, सेव्ह करा. डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) वेगळी ओळ दिसली तर तीही ऑटोमॅटिक.

सी-२०१: माझ्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आहे, तोही असाच का?

बी-१०३: नाही, तो वेगळा प्रकार. राउटरकडून पत्ता मिळालाच नाही की विंडोज स्वतःच तसला घेऊन बसतं. आधी वायर दोन्ही टोकांना नीट बसली आहे का बघ, मग राउटरमध्ये डीएचसीपी चालू आहे का.

ए-४०२: झालं!! १९२.१६८.१.७ आला, व्हिडिओ पण लागला. वर्ग वाचला रे बाळा. पण आता प्रिंटर दिसत नाही.

बी-१०३: त्यालाही जुनाच पत्ता भरलेला असणार. प्रिंटरचा पत्ता कायम एकच राहिलेला बरा, पण तो राउटरमध्ये राखून ठेवायचा, 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणून असतं. म्हणजे राउटर तो नंबर दुसऱ्या कुणाला देत नाही. मी ७ नंतर येऊन करून देतो.

ए-४०२: ये. राउटरचा पासवर्डही स्टिकरवर आहे, त्याचा फोटो टाकू का इथे?

बी-१०३: नको नको काकू, ग्रुपवर नको! आल्यावर बघतो.