एसएमपीएसचा मोसफेट पुन्हापुन्हा शॉर्ट, आता तिसरा

कुर्ला_वर्कशॉप:
नमस्कार मंडळी. पॅकिंग मशीनच्या पॅनलमधला जुना एसएमपीएस (स्विचिंगवाला पॉवर सप्लाय) आहे, २४ व्होल्ट ५ अँपिअर. कंट्रोल आयसी यूसी३८४२, स्विचचं काम करणारा मोसफेट आयआरएफबीसी४० (पाय तीन: गेट, ड्रेन, सोर्स). मोसफेट ड्रेन-सोर्स शॉर्ट होतो आणि फ्यूज घेऊन जातो. पहिला बदललेला २० दिवस चालला, दुसरा ९ दिवस, तिसरा ४ तास. दर वेळी तेवढाच बदलला. मेन कंडेन्सर फुगलेला नाही, आउटपुटचे डायोड ठीक दाखवतात. मोसफेट लॅमिंग्टन रोडचा, सुटा घेतलेला. आता कुठे हात घालू?

सोल्डर_मास्तर:
मोसफेट मरतोय, पण मारणारा दुसराच आहे. तुमचे आकडेच बोलतायत: २० दिवस, ९ दिवस, ४ तास. एखादा पार्ट हळूहळू सरकतोय, किंवा प्रत्येक स्फोट मागे थोडी मोडतोड ठेवून जातोय. बहुधा दोन्ही.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीजवळ एक फास्ट डायोड, एक हाय व्होल्टेज कंडेन्सर आणि २ वॅटचा रझिस्टन्स असं त्रिकूट असेल. तो क्लॅम्प, मोसफेट बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका दाबणारा. रझिस्टन्स वर्षानुवर्षं भाजून निघतो आणि त्याची किंमत चढते. मग कंडेन्सर नीट रिकामा होत नाही, क्लॅम्पचं व्होल्टेज वर सरकतं. २३० व्होल्टच्या लाइनला मेन कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, लाइन २५० झाली की ३५०. त्यावर क्लॅम्पचं व्होल्टेज चढवा, मोसफेटची ६०० ची मर्यादा फार लांब राहत नाही. एक पाय उचलून मोजा, सर्किटमध्ये ठेवून मोजलं तर फसाल. डायोड कोणी साधा १एन४००७ घातला असेल तर काढा, यूएफ४००७ टाका. त्याची रिकव्हरी (बंद व्हायला लागणारा वेळ) ७५ नॅनोसेकंद, साध्याला मायक्रोसेकंद लागतात.

ग्रँटरोडकर:
मास्तरांशी सहमत, पण नुसता क्लॅम्प बदलून चौथा मोसफेट बसवू नका. ड्रेन-गेट शॉर्ट होताना ते ३०० व्होल्ट गेटमधून मागे आयसीच्या ६ नंबर पिनपर्यंत जातात. म्हणून सेट बदलायचा: मोसफेट, आयसी, गेटचा रझिस्टन्स (साधारण १० ते २२ ओहम) आणि सोर्सचा सेन्स रझिस्टन्स (करंट मोजणारा).

सेन्सची किंमत अजिबात बदलू नका. यूसी३८४२ च्या ३ नंबर पिनवर १ व्होल्ट आला की आयसी पल्स तोडते. ०.४७ ओहम असेल तर मर्यादा सुमारे २.१ अँपिअर. बाजारात ते नाही म्हणून ०.२२ लावला की मर्यादा साडेचारवर जाते, कोअर सॅच्युरेट होतो आणि मोसफेट पहिल्याच झटक्यात जातो. मोजताना मल्टिमीटरच्या वायरांचा रझिस्टन्स वजा करा, नाहीतर ०.४७ चा ०.७ दिसेल.

सुट्या मोसफेटवर विश्वास ठेवण्याआधी एक टेस्ट: गेटला सोर्सच्या तुलनेत १२ व्होल्ट द्या, ड्रेनमधून १ अँपिअर सोडा. अस्सल आयआरएफबीसी४० थंड असताना १.२ व्होल्टच्या वर दाखवणार नाही. जास्त दाखवला तर आत लहान डाय (सिलिकॉनची चिप) बसवलेली आहे, म्हणजे माल नकली.

कुर्ला_वर्कशॉप:
क्लॅम्पचा रझिस्टन्स उचलून मोजला. रंगाच्या पट्ट्या ४७ किलोओहमच्या, मीटर १९० किलोओहम दाखवतोय! खालचा बोर्ड काळा पडलाय. सेन्स ०.४७ च आहे.

सोल्डर_मास्तर:
सापडला. काळा भाग ब्लेडने खरवडून काढा, जळलेला बोर्ड कार्बन होतो आणि करंट नेतो. नवा रझिस्टन्स २ ऐवजी ३ वॅटचा, मेटल ऑक्साइड, बोर्डापासून ५ मिलिमीटर उंच बसवा. मेन कंडेन्सरभोवती तपकिरी झालेला गोंद असेल तर तोही काढा, वय झालं की तो लीक करायला लागतो.

ओहम_शांती:
चालू करण्याआधी आयसी वेगळी तपासा. मेन लाइन बंद, मेन कंडेन्सर १० किलो ५ वॅटच्या रझिस्टन्सने रिकामा करून. ७ नंबर पिनला बेंच सप्लायचे १८ व्होल्ट द्या (आयसी सुमारे १६ ला उठते, १० ला झोपते), निगेटिव्ह ५ नंबरला. ८ नंबरवर बरोबर ५ व्होल्ट, ४ नंबरवर करवतीसारखी लाट आणि ६ वर पल्स दिसले पाहिजेत. ७ नंबरचा छोटा कंडेन्सर १०५ डिग्रीचा नवाच टाका.

मग लाइन ६० वॅटच्या जुन्या फिलामेंटच्या बल्बमधून द्या, एलईडी चालणार नाही. आउटपुटला ४७ ओहम २५ वॅटचा लोड. बल्ब एकदा पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर लगेच बंद करा.

आणि हीटसिंकवरचा अभ्रक! भोकाची कड तीक्ष्ण असेल तर तो फाटतो, तापल्यावरच शॉर्ट देतो. स्क्रू आवळल्यावर ड्रेन ते हीटसिंक मीटर ओपन दाखवला पाहिजे.

ग्रँटरोडकर:
पावसाळ्याच्या तोंडावर आहात, म्हणून सोल्डरिंग झालं की बोर्डाची खालची बाजू आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने धुवा. फ्लक्स ओल धरतो, हाय व्होल्टेजच्या ट्रॅकमध्ये ते महागात पडतं. पूर्ण वाळू द्या, वार्निश त्यानंतरच.