मदत हवी आहे: थायरॉइड तपासणीत टीएसएच वाढलेला, पण टी४ नॉर्मल

धाकटी बहीण, वय २३, राहते घोडबंदर रोडला. चार महिने सतत थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ. ठाण्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यातही पंखा बंद करायला सांगायची! आधी हिमोग्लोबिन ११.८ आलं म्हणून आयर्नच्या गोळ्या दिल्या, फरक नाही. मग थायरॉइड तपासला: टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) ८.२, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी अँटिबॉडीची तपासणी) केलेली नाही. गरोदर नाही. आईला थायरॉइड आहे. केसांसाठी बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) घ्यायची (त्यानं रिपोर्ट चुकू शकतो हे नंतर कळलं, आता बंद आहे). डॉक्टर लगेच थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करू म्हणतात. एकाच रिपोर्टवर जन्मभराची गोळी मागे लागेल, याची तिला धास्ती वाटते.

गोळीआधी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा, सोबत अँटी-टीपीओ करावी का? आणि ठाण्यात किंवा वाशीत नीट समजावून सांगणारे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कोण?