मदत हवी आहे: लिनक्सचं घड्याळ रात्रीतून मागे पडतं

घड्याळ_घोटाळा
लवकर सांगा प्लीज. पहाटे ५:३० ला आजीसाठी भूपाळ्या लागाव्यात म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) लावलाय. आठवडाभर त्या ५:४० नाहीतर ५:४२ ला लागतायत. दिवसा घड्याळ चोख असतं. मशीन रात्रभर नुसतं पडून असतं, कुणी हातही लावत नाही. क्रॉन तपासलाय, त्यात चूक नाही.

उगाच
मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल गेलाय. सीआर२०३२ आणा, बदला, विषय संपला.

कर्नेल_काका
मशीन कोणतं? डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार? कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, कितवं? रात्री स्लीपमध्ये जातं का? ज्योतिषी समजलात का आम्हाला?

घड्याळ_घोटाळा
लॅपटॉप आहे. उबुंटू. स्लीप बंद केलंय, नाहीतर भूपाळ्या लागल्याच नसत्या ना.

टिनपाट
विंडोजही आहे का त्यावर? ते हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. माझं असंच साडेपाच तास पुढे जायचं.

कर्नेल_काका
अहो, त्यांचा फरक दहा-बारा मिनिटांचा आहे. साडेपाच तास कुठून आले?

सह्याद्रीचा_वारा
नेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी टाका. मी सगळीकडे क्रोनीच टाकतो.

घड्याळ_घोटाळा
तेच काम करणारं टाइमसिंक चालू आहे की. पण रात्री नेट नसतं. शॉर्टसर्किट होईल म्हणून बाबा झोपताना राऊटर बंद करतात.

कर्नेल_काका
हे आत्ता सांगताय! म्हणजे दिवसा घड्याळ चोख नाहीच, नेटवरून वेळ येत राहते म्हणून तसं दिसतं. आणि क्रोनीवाल्यांनो, नेटच नसेल तर तो कुणाला वेळ विचारणार? आठ तासांत अकरा मिनिटं म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. त्याच जातीचा एनटीपीडीही घड्याळाची दिवसाला फार तर ४३ सेकंदांची चूक सांभाळतो. मूळ दुखणं वेगळं आहे. प्रोसेसर कितव्या पिढीचा?

उगाच
सेल.

कर्नेल_काका
सेल फक्त मशीन बंद असताना घड्याळ चालवतो. चालू मशीनची वेळ कर्नेल मोजतं. पटत नसेल तर एक रात्र लॅपटॉप बंद ठेवून सकाळी नेटशिवाय सुरू करून बघा.

पेन्शनर
यावरून आठवलं. मुंबईत १९५५ पर्यंत 'मुंबई वेळ' चालायची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. अकरा मिनिटांचं काय घेऊन बसलात!

घड्याळ_घोटाळा
बंद ठेवून पाहिलं, सकाळी वेळ बरोबर. इंटेल आठवी पिढी, कॉफी लेक. उबुंटू १८.०४, कर्नेल ४.१५.

कर्नेल_काका
वाटलंच. सिस फोल्डरमधल्या करंट_क्लॉकसोर्स फाईलीत काय लिहिलंय? कर्नेल कुठल्या घड्याळावरून वेळ मोजतंय ते तिथे कळतं.

घड्याळ_घोटाळा
एचपीईटी, मशीनमधला एक टायमर. आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदींत, प्रोसेसरमधलं टीएससी घड्याळ 'अनस्टेबल' म्हणून बाद केल्याची ओळ आहे.

कर्नेल_काका
सापडलं. स्क्रीन बंद झाली की रिकामा प्रोसेसर पीसी१० नावाच्या गाढ झोपेत जातो. काही कॉफी लेक मशीनवर त्या झोपेत एचपीईटीची चाल बिघडते. कर्नेल मात्र त्याच्यावरूनच टीएससी तपासतं, म्हणून धडधाकट टीएससी बाद होतं आणि कारभार या डुलक्या घेणाऱ्याच्या हाती जातो. २०१९ मध्ये कर्नेलवाल्यांनी या चिप्सवर एचपीईटी बंदच केलं, तुमचं कर्नेल त्याआधीचं. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाईलीत 'एचपीईटी=डिसेबल' घाला, अपडेट-ग्रब करा, रीबूट करा. जमल्यास नवं उबुंटूच टाका.

सह्याद्रीचा_वारा
उबुंटू कशाला, डेबियन टाका.

टिनपाट
आजींना मोबाईलवर गजर लावून द्या ना सरळ.

घड्याळ_घोटाळा
आजी मोबाईलचा गजर बंद करून परत झोपते, म्हणून तर स्पीकर. काका, आता त्या फाईलीत टीएससी दिसतंय. दोन रात्री झाल्या, राऊटर बंद असूनही ५:३० ला लागलं. खूप आभार! पण आजी म्हणते, आधीचंच बरं होतं, दहा मिनिटं जास्त झोप मिळायची.

उगाच
बदलला ना सेल?