सुया आणि काढलेले दात नेमके कुठे टाकायचे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): दाताचा दवाखाना टाकून तीनच महिने झालेत. काल संध्याकाळी कचरा बांधताना मावशींच्या अंगठ्यात सुई घुसली. टोपण निसटून पिवळ्या पिशवीत पडली होती. चूक माझीच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सुया, दात कुठे टाकता?

उत्तर (सातारा): ताई, आधी मावशींना सिव्हिलला न्या! एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बीचंही विचारा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, टोक आरपार न जाणाऱ्या डब्यात. दात पिवळ्या पिशवीत, ती जाळायला जाते. चांदी भरलेला दात मात्र जाळायला देऊ नका, त्या चांदीत पारा असतो, त्याची वाफ होते.

उत्तर (मिरज): दोन्ही हातांनी टोपण घालू नका. डबा खुर्चीशेजारीच हवा.

प्रश्नकर्ती: मावशींना घेऊन निघालेच.