घर सुटायच्या आधी मदत : शहाणपण की उधळपट्टी?

उंबरठा (धागाकर्ता)

बेघरांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. निवारे किती, खाटा किती, थंडीत पांघरुणं वाटली का. सगळं वरातीमागून घोडं. घर जाणार हे काही आठवडे आधी कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. घरमालकाला असतं, रुग्णालयात डिस्चार्जचा कागद लिहिणाऱ्याला असतं, तुरुंगाच्या कचेरीत तर सुटकेची तारीखच लिहिलेली असते.

वेल्सने २०१४ च्या कायद्यात हेच हेरलं. पुढच्या ५६ दिवसांत घर जायची शक्यता दिसली की स्थानिक परिषदेने तेव्हाच हातपाय हलवायचे. इंग्लंडने २०१७ मध्ये तसाच कायदा केला. शिवाय तुरुंग, रुग्णालयं आणि रोजगार केंद्रांनी, त्या माणसाची संमती घेऊन, परिषदेला कळवायचं असं बंधन घातलं.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी पैशाचा मोठा वाटा आहे ते घर टिकवण्यावर जावा, निवाऱ्यांचा नंबर त्यानंतर. पटत नसेल तर बोला.

हिशेबी

नाही पटत. कळवण्याचं बंधन घातलं, छान केलं. कळल्यावर द्यायला घर कुठे आहे? इंग्लंडमध्ये हाच कायदा लागू असताना तात्पुरत्या निवासातली कुटुंबं २०२४ मध्ये १ लाख २० हजारांच्या वर गेली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला, इतकंच.

आता पैशाचं. आधीच मदत करावी म्हणणारे शिकागोचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नाचवतात. भाडं थकलेले लोक हेल्पलाइनला फोन करायचे. त्या दिवशी निधी शिल्लक असेल तर मदत, नसेल तर नाही. निधी असताना ज्यांचा फोन लागला त्यांचं सहा महिन्यांत निवाऱ्यात जाण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. टाळ्या! पण ज्यांना निधी मिळाला नाही त्यांच्यातले निवाऱ्यात गेले किती? जेमतेम २ टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी आपलं आपण निभावलं असतं. त्यांनाही पैसे वाटायचे?

तिरपागडा

हिशेबीशेठ, निवाऱ्यात गेले नाहीत म्हणजे निभावलं? कुणाच्या तरी सोफ्यावर झोपणाऱ्याची मोजदाद तुमच्या त्या २ टक्क्यांत होत नाही.

हिशेबी

हा मुद्दा मान्य. आकडा निवाऱ्याचाच आहे. पण नेम कसा धरायचा, म्हणजे ज्याचं घर खरंच जाणार तो आधी ओळखायचा कसा, हा माझा प्रश्न तसाच आहे.

रात्रपाळी

याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका.

डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याचा रकाना असतो. माणूस तिथे बहिणीचा पत्ता देतो. आम्ही फोन लावतो तर ती म्हणते, माझ्याकडे नको, मागच्या वेळी काय झालं ते मला विचारू नका. कागदावर मात्र 'घरी सोडले' असंच राहतं. यात भर म्हणजे डिस्चार्ज शुक्रवारी दुपारी मिळतो आणि ज्याच्याशी बोलायचं तो अधिकारी सोमवारी भेटतो. ओळखपत्राची मुदत संपलेली असते, त्याशिवाय अर्ज घेत नाहीत, आणि नवं काढायला पत्ता लागतो. या चक्रात माझा दिवस जातो. पैसे वाटणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

घरमालकांचंही सांगते. बहुतेकांना थकबाकी एकरकमी नकोच असते. पुढच्या महिन्याचं भाडं कुठल्या तारखेला येईल आणि भांडण झालं तर कुणाला फोन करायचा, हे कळलं की नोटीस मागे घेणारे मी पुष्कळ पाहिलेत.

नेम धरण्याबद्दल : घर जायच्या आधी मदत देणाऱ्या न्यूयॉर्कच्या होमबेस योजनेचा अभ्यास आम्हा लोकांना झोंबणारा आहे. निवाऱ्यात कोण जाईल हे कार्यकर्त्यांच्या अंदाजापेक्षा साध्या प्रश्नावलीने जास्त बरोबर ओळखलं. पूर्वी निवाऱ्यात राहिलात का, घरात दोन वर्षांखालचं मूल आहे का, भाडेकरार तुमच्या नावावर आहे का. शेवटचा प्रश्न फार मोलाचा. करारावर नावच नसलेल्याला थकबाकीच्या योजनेचा काय उपयोग? तो कुणाचा भाडेकरूच नसतो. हिशेबी म्हणतात तो पैसा वाया जातो तो बराचसा इथे.

घरमालक_एक

चला, कुणाला तरी आमची आठवण झाली! एरवी अशा धाग्यांवर घरमालक म्हणजे खलनायक. सुधारणा म्हणजे भाड्यावर कमाल मर्यादा, आणि मर्यादा घातली की काय होतं ते बर्लिनने दाखवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा आली आणि भाड्याच्या घरांच्या जाहिराती धडाधड कमी झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने कायदाच रद्द केला.

उंबरठा

न्यायालयाने तो अर्थशास्त्रावर रद्द केला नाही. भाड्याचा कायदा करायचा अधिकार बर्लिन राज्याचा नाही, जर्मनीच्या केंद्राचा आहे, म्हणून केला. आणि भाड्याच्या मर्यादेबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. विनाकारण घराबाहेर काढता येऊ नये आणि मुदत पुरेशी असावी, एवढ्यावर तुमची हरकत आहे का?

घरमालक_एक

विनाकारण काढायची हौस कुणाला आहे? पण भाडं बुडवणाऱ्याला बाहेर काढायला कोर्टात वर्ष गेलं, तर पुढच्या वेळी मी पगाराची पावती बघूनच खोली देणार. तुमचे गरीब भाडेकरू माझ्या दारातूनच परत जाणार. ते चालेल?

सायली_उ

फिनलंडचं नाव अजून कसं नाही निघालं? १९८५ मध्ये तिथे वाय-साटिओ ही संस्था निघाली. तिने साध्या इमारतींतले सुटे फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्याने दिले. २००८ च्या कार्यक्रमात राज्य, शहरं आणि संस्था एकत्र आल्या आणि निवाऱ्यांच्या इमारतींचीच घरं केली. आधी व्यसन सोड मग घर, ही अट गेली. घर आधी, सोबत आधार देणारा माणूस. बेघरांची संख्या वर्षानुवर्षं घटली. उंबरठा यांची ५६ दिवस आधीची सूचना घरांच्या साठ्याशिवाय पोकळ आहे. हिशेबींचा पहिला मुद्दा बरोबर, दुसरा चूक.

हिशेबी

पुढचंही सांगा की. २०२४ मध्ये तिथेही आकडा वाढला. त्याच वर्षी सरकारने घरभाड्याच्या अनुदानाला कात्री लावली होती.

सायली_उ

मग ते माझ्या बाजूनेच झालं ना? कात्री लावली, संख्या वाढली.

घरमालक_एक

माझ्यापुरतं सांगतो. भाड्याची हमी संस्थेने लेखी द्यावी, मोडतोडीची भरपाई ठरवावी, आणि रविवारी रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा. खोली देतो.

रात्रपाळी

पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ संस्था देतात. अडतं ते फोनवर.

हिशेबी

रविवारी फोन उचलणाऱ्याचा पगार आरोग्य खातं देणार, गृहनिर्माण खातं देणार की तुरुंगवाले?