क्वांट फायनान्ससाठी कार्नेगी मेलन की बरूक?

कोथरूडकर : नमस्कार. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी गेली दोन वर्षे एका परदेशी बँकेच्या गोरेगावच्या कार्यालयात मॉडेल व्हॅलिडेशनचे, म्हणजे बँकेची गणिती मॉडेल्स बरोबर आहेत का हे तपासण्याचे काम करतो आहे. क्वांट फायनान्स, म्हणजे गणित व संगणक वापरून केलेले वित्तीय काम, शिकण्यासाठी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एमएससीएफ आणि न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा एमएफई या दोन्ही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाला आहे. पहिल्याची फी कितीतरी अधिक आहे. बाबा राहता फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत, पण माझे मन धजावत नाही. पुढे ट्रेडिंग डेस्कजवळचे, म्हणजे प्रत्यक्ष खरेदी-विक्री करणाऱ्यांसोबतचे काम मिळावे अशी इच्छा आहे. निवड कशाच्या आधारे करावी?

जर्सीसिटीवासी : क्रमवारीच्या याद्या आधी बाजूला ठेवा आणि दोन्ही ठिकाणचे रोजगार-अहवाल वाचा, त्यांतही सरासरी पगारापेक्षा कोण कोणत्या कामावर लागले आणि किती जणांनी माहितीच दिलेली नाही, हे पाहा. 'क्वांट' हे बिरुद डेस्कशेजारी बसून डेरिव्हेटिव्हचे (शेअर, व्याजदर अशांच्या किमतीवर आधारलेल्या करारांचे) भाव काढणाऱ्यालाही लागते आणि तुम्ही आज करता त्या कामालाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2011 मध्ये मॉडेलच्या जोखमीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्यानंतर बँकांना स्वतंत्र पडताळणी करणारी माणसे मोठ्या संख्येने लागू लागली. त्यामुळे तुमचा अनुभव पाहून तिथेही प्रथम तेच काम पुढे केले जाईल आणि मोठे कर्ज डोक्यावर घेऊन तुम्ही पुन्हा त्याच टेबलावर बसाल, हा धोका मला फीपेक्षा मोठा वाटतो.

कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम 1994 पासूनचा, 16 महिन्यांचा आणि व्यवस्थापन, गणित, संख्याशास्त्र व सार्वजनिक धोरण अशा चार शाखांनी मिळून चालवलेला आहे. बरूक हे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाचे मॅनहॅटनमधील कॉलेज असून तिथला वर्ग लहान असतो. दोन्हींकडे मधला उन्हाळा इंटर्नशिपसाठी मिळतो, परंतु तिच्या मुलाखती पहिल्याच सत्रात सुरू होतात. म्हणून संभाव्यता आणि सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांची तयारी विमानात बसण्यापूर्वीच झालेली हवी. मी तुमच्या जागी असतो तर बरूक निवडले असते. हे नाव पुण्यात कोणाला ठाऊक नसेल, पण नोकरी देणारे पुण्यातले नातेवाईक नसतात.

व्याजदर : कर्जाचा हिशेब डॉलरच्या पगारावर मांडू नका. शिक्षणानंतर एक वर्ष आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेमुळे आणखी दोन, अशी तीन वर्षे अमेरिकेत काम करता येते. पुढचा नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसा मात्र वर्षाला 85,000 च्या मर्यादेत अडकलेला आहे. मुंबईत परतावे लागले तर तिथल्या पगारातून हप्ता झेपेल का, हे आजच कागदावर मांडा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट आठ वर्षे मिळते खरी, पण ती जुन्या करप्रणालीतच.

पिट्सबर्ग२०१६ : बरूक निवडण्याच्या वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. न्यूयॉर्कबाहेर, उदाहरणार्थ शिकागोत, नोकरी शोधताना कार्नेगी मेलनच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी मला उपयोगी पडल्या. मात्र शिष्यवृत्ती नसेल तर फ्लॅट तारण ठेवून जाण्यास मीही कोणाला सांगणार नाही.

कोथरूडकर : मनापासून आभार. मुंबईच्या पगारावर हप्ते मांडून पाहिले. कार्नेगी मेलनचा हप्ता निम्म्याहून अधिक पगार खातो. शिष्यवृत्तीसाठी त्यांना एकदा लिहितो आणि उत्तर नकारार्थी आल्यास बरूकला होकार कळवतो.