‘सरकार बाजूला झालं आणि फोन आले’ : कालच्या पोस्टला उत्तर

पेंटाकॉन्टा

काल इथे एक पोस्ट पडली. मजकूर थोडक्यात असा: ‘फोनसाठी वर्षानुवर्षं रांग होती, कारण सरकार. १९९५ ला खासगी कंपन्या आल्या आणि भाजीवाल्याच्या हातात मोबाइल आला. आता बीएसएनएलला कुलूप लावा.’ खाली अंगठ्यांची रांग. दुर्लक्ष करणार होतो, पण ‘इतिहास वाचा जरा’ असा टोमणाही होता. म्हणून वाचूनच आलो.

३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल लावला. पुढची चार वर्षं काय झालं? मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. मार्च १९९९ मध्ये साऱ्या देशात मोबाइलधारक बारा लाखांच्या आसपास. खासगी कंपन्या होत्या ना तेव्हा? मग भाजीवाला कुठे होता?

अडलं ते परवान्यावर. सर्कलचा, म्हणजे साधारण एका राज्याचा, परवाना जो सर्वांत जास्त ठरावीक फी देईल त्याला. कंपन्यांनी वाट्टेल ते आकडे टाकले, ग्राहक तेवढे आलेच नाहीत, हप्ते थकले. १९९९ च्या धोरणाने ठरावीक फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं, तिथे गाडी हलली. २००३ मध्ये ‘कॉल करणाऱ्याने पैसे द्यायचे’ हे लागू झालं, इनकमिंग फुकट झालं. त्याच नोव्हेंबरात लँडलाइन-मोबाइलचा एकच परवाना आला. हे तिन्ही सरकारी कागद आहेत, बाजाराने आपोआप दिलेलं नाही.

त्याआधीचंही सांगतो. आयटीआय ही सरकारी टेलिफोन कंपनी जे पेंटाकॉन्टा क्रॉसबार एक्स्चेंज (कॉल जोडणारं यंत्र) बनवायची त्याचं डिझाइन परदेशी, दर लाइनमागे कमी कॉल धरून केलेलं. आपल्याकडे एकेका फोनवर अख्खी आळी बोलायची. त्यात धूळ आणि दमट हवा. संपर्क-पट्ट्या चिकटायच्या, कॉल भलत्याच घरी. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली, त्यांचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ ला कर्नाटकात कित्तूरला लागलं. एसीशिवाय चालायचं, ही त्यातली खरी करामत. तालुक्याच्या गावी एसी सोडा, वीज टिकत नव्हती.

सरकार बाजूला कधीच झालं नव्हतं. ते गल्ल्यावर बसलं की धंदा आटतो, गल्ल्यावरून उठलं की वाढतो, इतकंच.

औंधचा बाजारवादी

पोस्ट माझीच. इतिहास वाचलात, छान. निम्मा वाचलात.

सी-डॉटला ३६ महिने आणि ३६ कोटी दिले होते, गुणगान तिथेच का थांबतं? शहरांसाठी मोठं एक्स्चेंज हवं होतं, तिथे आयटीआयच्या मनकापूरच्या कारखान्यात फ्रेंच ई-१० बी एक्स्चेंज बनत होतं. आणि इतकं करून १९९४ च्या धोरणात सरकार स्वतःच लिहितं की शंभर माणसांमागे फोन ०.८. म्हणजे एकसुद्धा नाही. त्याच कागदात ‘१९९७ पर्यंत मागेल त्याला फोन’ असंही लिहिलंय. मिळाला?

दर पडले ते स्पर्धेने. आठवा जरा, ‘मर्यादित फिरता’ डब्ल्यूएलएल, म्हणजे बिनतारी लँडलाइन. लँडलाइनचा परवाना घ्यायचा आणि त्यावर मोबाइलसारखा फोन विकायचा. जीएसएमवाले, म्हणजे मोबाइलचा परवाना घेतलेले, कोर्टात गेले. ज्या एकत्रित परवान्याचं श्रेय तुम्ही सरकारला देताय, तो या मागच्या दाराने झालेल्या घुसखोरीवर मारलेला शिक्का होता. घोडं आधी पळालं, सरकारने नंतर खोगीर चढवलं.

पेंटाकॉन्टा

मनकापूर मान्य. विसरलो नव्हतो, सोयीचं नव्हतं म्हणून गाळलं, असं समजा. १९९७ चंही मान्य.

पण कुलूप लावण्याआधी बीएसएनएल आजारी कशाने पडली ते बघा. २००२ ला मोबाइल सुरू केला तेव्हा सिमसाठी रांगा लागायच्या. मग २००६ ला ४.५५ कोटी लाइनींची निविदा: आधी कोर्ट, मग मंत्रालयातून कपात. पुढची ९.३ कोटींची, ती २०१० मध्ये रद्द. बाजार दर महिन्याला फुगत असताना ज्याला टॉवर विकत घेता येत नाही, त्याने धंदा करायचा कसा? त्याच वर्षी थ्रीजी आणि ब्रॉडबँड लहरींसाठी लिलावातल्या दराने सुमारे १८,५०० कोटी भरायला लावले. लिलावात बसायची मुभा नाही, पण बिल तेवढंच! फोरजीची निविदा २०२० मध्ये रद्द, मग स्वदेशी यंत्रणा, आणि देशव्यापी शुभारंभ २७ सप्टेंबर २०२५ ला. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आली होती. नऊ वर्षं.

औंधचा बाजारवादी

म्हणजे मालकच नालायक होता. मीही तेच म्हणतोय, फक्त कमी शब्दांत.

राखीव किंमत

दोघेही बीएसएनएलवर अडकलात. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा बघा. २०१६ च्या लिलावात राखीव किंमत, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान बोली, दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. एकानेही हात वर केला नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी, तरी नाही. २०२२ ला ३,९२७ कोटींवर आणली, तेव्हा एकाच कंपनीने घेतला. सहा वर्षं पट्टा रिकामा. कोळसा नाही काढला तर जमिनीत राहतो. लहरी आज वापरल्या नाहीत तर आजच्या गेल्या.

आणि हा कुठला पट्टा? भिंतीतून आत शिरणारा. ३३०० मेगाहर्ट्झ रस्त्यावर सुसाट चालतो, पण आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना दम तोडतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीचं तर नावच नको. फोनवर ‘५जी’ अक्षरं दिसतात आणि खोलीत गेलं की गायब होतात, त्याचं मूळ बऱ्याचदा यात असतं.

एजीआर, म्हणजे ज्या उत्पन्नावर फी लागते ते, तर विचारूच नका. परवाना फी उत्पन्नाच्या ८ टक्के, त्यातले ५ ग्रामीण सेवेच्या निधीला. भांडण ‘उत्पन्न’ म्हणजे काय यावर. सरकार म्हणालं भाडं, व्याज, लाभांश सगळं धरा. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं ऐकलं. थकबाकीत मूळ रकमेपेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज मोठं. २०२१ मध्ये तीच व्याख्या पुढच्यासाठी बदलली. मग देणं फिटेना म्हणून व्होडाफोन-आयडियाचे शेअर सरकारनेच घेतले, २०२३ ला ३३ टक्के, २०२५ ला ४९ च्या घरात. बाजारवादी, तुमच्या खासगीकरणातून आणखी एक सरकारी कंपनी जन्माला आली. पेढे वाटा.

औंधचा बाजारवादी

लिलाव नको तर काय हवं? २००८ च्या टूजीसारखं ‘आधी येईल त्याला’? १२२ परवाने, २०१२ मध्ये सगळे रद्द. आरोपी २०१७ ला सुटले, ते वेगळं.

राखीव किंमत

लिलाव हवाच. राखीव किंमत आकाशात नको. नाव काय आहे माझं?

लोंबती वायर

चालू द्या तुमचं दिल्ली-दिल्ली. एकदा मान वर करून सदाशिव पेठेतल्या कुठल्याही खांबाकडे बघा. पंधरा-वीस काळ्या केबली, त्यातल्या निम्म्या मेलेल्या. तांब्याची वायर असती तर चोरांनीच साफ केली असती. फायबर म्हणजे काच, ती कुणी चोरत नाही, भंगारवाला घेत नाही, उतरवायला मजुरी लागते. म्हणून लोंबते. दूरसंचार धोरण कितीही सुंदर असो, त्याचा शेवट त्या खांबावर होतो.

आणि खांबावर का? खाली घालणं परवडत नाही म्हणून. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत लिहिलं होतं की भूमिगत केबलच्या अर्जाची फी किलोमीटरला १,००० रुपयांवर घेता येणार नाही, ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं समजायचं. महापालिकांनी काय केलं? फी सोडली आणि ‘रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च’ लावला. त्यात त्यांना हवा तो आकडा बसतो. आता १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम आहेत. खांब तेच आहेत.

औंधचा बाजारवादी

रस्ता फुकट फोडू द्यायचा का मग? जेसीबी येणार, खड्डा करणार, वर माती लोटून जाणार, आणि पावसाळ्यात तिथेच रिक्षा बसणार.

लोंबती वायर

जेसीबी कुणी म्हटलं? शहरात आता आडवं ड्रिलिंग करतात. एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला खड्डा, मधला डांबरी रस्ता शाबूत. बोअर मोठं करत ४० मिलिमीटरची एचडीपीई प्लास्टिकची नळी मागे ओढून घ्यायची.

गडबड इथेच होते. ड्रिलच्या टोकात ट्रान्समीटर असतो, वर चालणारा माणूस लोकेटरने त्याची खोली वाचतो. तो लोकेटर फक्त ड्रिल दाखवतो. शेजारची पाण्याची लाइन दाखवत नाही. जमिनीखालचा नकाशा धड नाही, जो आहे तो कागदावर सरळ आणि प्रत्यक्षात वाकडा. रडार लावून आधी तपासायचं असतं, ते ठेकेदार वाचवतो. मग चाळीतलं पाणी जातं आणि शिव्या ‘नेटवाल्यांना’.

उघडा चर घ्यायचा तर नियमात खोली १.६५ मीटर. पुण्यात अर्ध्या-पाऊण मीटरवर काळा दगड लागतो. ब्रेकर लावून दिवसाला किती होणार? म्हणून उथळ घालतात. अशा वेळी वरून काँक्रीटचं कवच हवं, तेही खातात. दोन वर्षांनी ड्रेनेजवाला येतो, पहिल्याच फटक्यात केबल वर.

एकदाच महापालिकेने पाच-सहा नळ्यांचा रिकामा मार्ग घालावा, दर दोनशे मीटरला चेंबर, आणि सगळ्यांना भाड्याने द्यावा. एकदा खोदाई, कायमचं भाडं. पण एकदम मिळणारी पूर्ववत-फी कुणाला सोडवत नाही.

राखीव किंमत

म्हणजे दिल्लीचा गल्ला आणि पालिकेचा गल्ला एकच. चला, लोंबत लोंबत का होईना, मुद्द्यावर आलात.

नळस्टॉप

लोंबणाऱ्या केबलने नेट बंद पडतं असं लोक म्हणतात, ते मात्र अर्धसत्य. खरं कारण स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा. ओएलटीतून, म्हणजे एक्स्चेंजमधल्या यंत्रातून, प्रकाश निघतो +३ डीबीएमवर (डीबीएम म्हणजे प्रकाशाची ताकद, डीबी म्हणजे तोटा). १:८ चा स्प्लिटर १०.५ डीबी खातो, असे दोन, म्हणजे २१. चार किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ ने १.४. सहा जॉइंट ०.६. चार कनेक्टर २. एकूण २५, घरी पोहोचले −२२. त्यात स्थानिक केबलवाला एका घराची दोन घरं करायला आणखी १:२ लावतो, साडेतीन-पावणेचार गेले. झाले −२६. पाऊस पडला की लॉसचा, म्हणजे प्रकाश पुरत नसल्याचा, लाल दिवा.

मायनस सत्तावीस

गणित पाठ केलंय, समजलेलं नाही. ०.३५ हा १३१० नॅनोमीटरचा आकडा, म्हणजे घरातून एक्स्चेंजकडे जाणाऱ्या प्रकाशाचा. घराकडे येणारा १४९० वर असतो, तिथे ०.२५ च्या आसपास.

नळस्टॉप

चार किलोमीटरला ०.४ डीबीचा फरक. त्यासाठी जीव घेणार का माझा?

मायनस सत्तावीस

जीव नाही, निष्कर्ष घेतो. बी-प्लस वर्गाच्या घरातल्या डब्याला −२७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश पुरतो. तुमच्याच हिशेबाने जास्तीचा स्प्लिटर धरूनही लाइन चालायला हवी. स्प्लिटर पावसात भिजून जास्त खात नाही. पावसात बिघडतं ते उघडं ठेवलेलं जॉइंट बॉक्स, ज्याची रबरी सील परत नीट बसवलेली नसते.

आणि निम्म्या तक्रारी घराच्या आतच असतात. हिरवा कनेक्टर आणि निळा कनेक्टर. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात, म्हणून लोक बसवतात. मध्ये हवेची फट राहते आणि तीन-चार डीबी तिथेच जातात. दुसरं, फर्निचरवाला केबल कपाटामागे काटकोनात दाबतो. साध्या जी.६५२ फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं. जी.६५७ ए-२ साडेसातवर भागवते, पण दोन रुपये वाचवायला कुठली टाकली ते विचारायचं कुणी?

वाकवलंय की जॉइंट खराब आहे हे ओटीडीआर, म्हणजे फायबरमधला तोटा मोजणारं यंत्र, सांगतं. १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर मारायचं. १५५० वर तोटा ठळकपणे जास्त, तर वळण. दोन्हीकडे सारखा, तर जॉइंट. पण पोरगं येतं, फक्त लाल लेझर मारतं, ‘लाइट येतोय ना’ म्हणतं आणि जातं.

नळस्टॉप

सीलचं ठीक आहे. हिरव्या-निळ्याचंही. ‘पाठ केलंय’ परत घेतलंत तर बरं.

मायनस सत्तावीस

पाठ उत्तम होतं.

पेंटाकॉन्टा

मी राष्ट्रीय धोरणावर धागा काढला होता, बहुधा. भारतनेट, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याची सरकारी योजना, त्याबद्दल कुणी काही बोलणार आहे का? अडीच लाख ग्रामपंचायती, २०११ ची मंजुरी, मुदतींवर मुदती.

लोंबती वायर

बोलण्यासारखं काय आहे? फायबर पंचायतीपर्यंत गेलं, पेटी कपाटात कुलूपबंद, वीज गेली की बंद. सरळ रेषेत टाकलेलं, एका जागी तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात. २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींची सुधारित योजना आली, त्यात रिंग केलीय, म्हणजे एकीकडे तुटलं तरी दुसरीकडून वाट. रिंग आधीच करायची असते.

एक शंका

मोठ्या लोकांच्या चर्चेत मध्ये पडतो, सॉरी. डब्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा लुकलुकतोय, नेट नाही. कंपनी बदलू का?

मायनस सत्तावीस

कंपनी नंतर. लॉसचा लाल दिवा आहे का?

एक शंका

नाही. फक्त हिरवा लुकलुकतोय.

मायनस सत्तावीस

मग प्रकाश येतोय, नोंदणी होत नाहीये. डबा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. तरी लुकलुकला तर केबल ओढाताण न करता फक्त डब्यातली पिन बघा, नीट खटकन बसलीय का. पिनेच्या टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका. नाहीच झालं तर कंपनीला फोन करून ‘पॉन ब्लिंक’ एवढंच म्हणा. ‘नेट चालत नाही’ म्हणालात तर तासभर राउटरच रीस्टार्ट करायला लावतील.

आणि पिन हिरवी आहे की निळी, तेही इथे लिहा.